पाच पौंडांची फी

वसतिगृहात वाढलेल्या आम्हां मुलांना शिक्षणाची किंमत पहिल्यांदा कळली ती फीच्या आकड्यातून. म्हणूनच असेल, लढाऊ विमानांच्या जेट इंजिनाचा इतिहास वाचताना त्यांच्या वेगापेक्षा पाच पौंडांची एक थकलेली फी आमच्या मनात घर करून राहिली.

फ्रँक व्हिटल हे इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील एका कारागिराचे पुत्र. उंची कमी म्हणून आधी नाकारले गेलेले व्हिटल 1923 मध्ये हवाई दलात शिकाऊ उमेदवार झाले. हवा आत ओढून पात्यांच्या चक्राने दाबायची, तीत इंधन जाळायचे, तप्त वायूच्या जोरावर तेच चक्र फिरते ठेवायचे आणि उरलेल्या झोताच्या रेट्याने विमान पुढे न्यायचे, ही त्यांची कल्पना. तिच्या पेटंटसाठी त्यांनी जानेवारी 1930 मध्ये अर्ज केला. 1935 मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरण्याची त्यांची ऐपत नव्हती. हवाई मंत्रालयानेही ते भरले नाहीत. पेटंट रद्द झाले. व्हिटल यांचे इंजिन 1937 मध्ये चाचणीत चालले; परंतु जेट विमान प्रथम उडाले ते जर्मनीत, 27 ऑगस्ट 1939 रोजी, हान्स फॉन ओहाइन यांच्या इंजिनावर. ब्रिटिश विमानाला 15 मे 1941ची वाट पाहावी लागली.

जर्मनीने पुढे मेसरश्मिट 262 हे लढाऊ जेट युद्धात उतरवले. निकेल आणि क्रोमियम दुर्मीळ झाल्याने त्याची इंजिने जेमतेम 10 ते 25 तास टिकत. डोंगर पोखरून उभारलेल्या कारखान्यात सक्तीने आणलेल्या मजुरांकडूनही ती करवून घेतली गेली. तिथे बुद्धी होती, कौशल्य होते. माणसाची किंमत मात्र नव्हती.

आमच्या शाळेने आम्हांला प्रज्ञा, शील आणि करुणा हे तीन शब्द एकत्रच शिकवले. ते का, याचा उलगडा आम्हांला या इतिहासातून झाला. करुणेवाचून प्रज्ञा पाच पौंडांसाठी अडून राहते आणि शीलावाचून ती माणसांना गुलाम करते.

आज आम्ही माजी विद्यार्थी कमावते झालो आहोत. परीक्षेच्या फीअभावी या शाळेतील एकाही मुलामुलीचा अर्ज मागे राहू नये, एवढे तरी आपण सर्वांनी मिळून पाहू या. आणि ती मुले उद्या इंजिन घडवतील, तेव्हा ते कोणासाठी आणि कोणाच्या श्रमांवर, हे विचारण्याचे धैर्यही त्यांना देऊ या.