घारीमागे मान वळवताना

गोरेगावच्या आरे वसाहतीतील छोटा काश्मीर उद्यानात 78 वर्षांचे बाबा कॅमेरा घेऊन उभे होते. डोक्यावरच्या घारीमागे त्यांनी मान मागे टाकली आणि तोल गेला. मी दंड धरला म्हणून निभावले. उतारवयात मान अशी ताणल्यास भोवळ येऊ शकते, हे रुग्णांना सांगणारा मी स्वतःच विसरलो होतो.

त्यांना बाकावर बसवले. समोरच्या तारेवर वेडा राघू होता. हा पक्षी हवेतच कीटक टिपून बहुधा त्याच जागी परततो. म्हणून कॅमेरा तारेवरच रोखायचा, शटर 1/2000 सेकंदावर ठेवायचे आणि वाट पाहायची. पुष्कळ छायाचित्रांत नुसते आकाश आले. एकात मात्र पंख पसरलेला राघू, शेपटी जराशी कापलेली.

"परत येईल तो," म्हणत बाबा बाक सोडायला तयार होईनात.