शांत दरी कुणासाठी?

काश्मीरला बर्फ बघायला जाणारे मराठी लोक पुष्कळ. तिथे स्कीइंग शिकायला जाणारे मात्र थोडे. आमच्या घरात ही टूम काढली माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, आणि तो गुलमर्गखालच्या टंगमर्ग भागातला. हे कळल्यापासून पोराने माझा पिच्छा सोडलेला नाही.

माझी अट एकच होती, गर्दी नको. गुलमर्गला गोंडोलाच्या रांगा, फोटोवाले, स्लेजवाले. त्यापेक्षा सोनमर्ग बरं, असं मी ठरवून टाकलं. श्रीनगरपासून साधारण 80 किलोमीटर, सिंध नदीच्या खोऱ्यात. पूर्वी हिवाळ्यात हिमस्खलनामुळे हा रस्ता बंदच व्हायचा आणि तिथली माणसं खाली उतरून यायची. जानेवारी 2025 मध्ये साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि भर हिवाळ्यात वर जाता येऊ लागलं.

पण चौकशी करू लागलो तसा ‘शांत’ या शब्दाचा अर्थ बदलत गेला.

पहिला अर्थ, मदतीला कुणी नाही. गुलमर्गला गोंडोला आहे, शिकाऊंसाठी सौम्य उतार आहेत, तिथे दोरीने वर ओढून नेणाऱ्या लिफ्ट आहेत, शिकवणारे आहेत. एवढं असूनही फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे वरच्या डोंगरावर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले. सोनमर्गला गोंडोला नाही. पायांनी चढायचं आणि मग उतरायचं. मोकळा डोंगर दिसला म्हणून नवशिक्याने त्यावर जायचं नसतं. बर्फाचा थर कुठे सुटेल हे तिथल्या माणसाला विचारावं लागतं. म्हणून बेत बदलला. आधी पाच दिवस गुलमर्गला नीट शिकायचं, मग दोन दिवस सोनमर्ग. तिथे स्की फक्त सपाट कुरणावर, तेही स्थानिक शिक्षकाबरोबर.

दुसरा अर्थ फोनवर कळला. एका गेस्ट हाऊसच्या मालकांना मी म्हणालो, “आम्हाला शांत खोली हवी.” ते म्हणाले, “जनाब, सगळ्याच शांत आहेत. हवी ती घ्या.” मी निवांतपणा मागत होतो आणि ते त्यांचा बुडालेला हंगाम सांगत होते. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसं मारली गेली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली होती. त्यानंतर ज्यांचा त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नव्हता, त्या टॅक्सीवाल्यांच्या, घोडेवाल्यांच्या, शालवाल्यांच्या दारातही अशीच शांतता येऊन बसली. खोलीचं भाडं कमी करून मागायचं माझ्या ओठांवर होतं. मागितलं नाही.

तिसरा अर्थ घरचा आणि कचेरीतला. बेत कानावर गेल्यावर एक सहकारी हसत म्हणाले, “तुम्हाला काय भीती? कलमा म्हणाल आणि सुटाल.” त्यांच्या मनात वाईट काही नसावं. पण मी गप्प झालो. त्या 26 जणांत सय्यद आदिल हुसैन शाह नावाचा घोडेवाला होता. पर्यटकांना वाचवायला तो पुढे झाला. कलमा त्यालाही येत होता. त्याला सुटायचं नव्हतं. हे मी दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “हे लक्षातच नव्हतं.”

अम्मीची भीती नेमकी उलटी. “चौकीवर तुझं नाव वाचून उतरवतील रे. हौसेसाठी कशाला जातोस?” एकाला वाटतं, आमचं नाव आम्हाला वाचवेल. दुसरीला वाटतं, तेच अडकवेल. मी दोघांनाही एवढंच म्हणतो, आम्ही इतर प्रवाशांसारखे प्रवासी आहोत. आधार कार्ड मागतील, दाखवू. थांबवतील, थांबू. पोराला मात्र हे सगळं आधीच समजावून सांगितलं आहे, म्हणजे तिथे तो गोंधळणार नाही.

तारखांचं गणित सोपं निघालं. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरची कडक थंडी. मग वीस दिवस चिल्लई खुर्द. 2026 मध्ये रमजानचा चांद त्याच सुमारास, 18-19 फेब्रुवारीला. त्यामुळे फेब्रुवारीचा पहिला आठवडा पक्का केला. बर्फ भरपूर, थंडी जरा उतरलेली, आणि पहिल्या रोज्याला आपण अम्मीपाशी घरी.

नमाजची काळजी बायकोला होती. प्रवासात कसर आहेच. वुजूचं काय? काश्मिरी मशिदींत हम्माम असतो, खालून तापवलेली दगडी फरशी आणि गरम पाणी. पोर म्हणालं, “मग मी पाचही वेळा जाईन.”

तिकिटं काढली आहेत. अम्मीने होकार दिलेला नाही, पण परवा तिने विचारलं, “तिथे हातमोजे मिळतात का, की इथूनच न्यायचे?”