ठासणीची बंदूक : वावरातून दुकानात

१/ यवतमाळ जिल्ह्यात जागल म्हणजे रात्रभर मचाणावर बसून रानडुकरांपासून तूर-ज्वारी राखणे. या राखणीचे एक जुने साधन म्हणजे ठासणीची बंदूक, अर्थात ‘भरमार’. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग छर्रे. प्रत्येक बाराआधी गजाने ठासणे आलेच.

२/ इंग्रजांच्या १८७८च्या शस्त्र कायद्याची जागा १९५९च्या कायद्याने घेतली. त्यातील कलम १३ पीकसंरक्षणाच्या परवान्यासंदर्भात याच बंदुकीचा स्पष्ट उल्लेख करते. म्हणजे कायद्यानेही तिला शेतीचे साधन मानले.

३/ परंतु परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. वडिलांच्या पश्चात बंदूक मुलाला वारशाने मिळते. ती जवळ बाळगण्याचा अधिकार मिळत नाही. कलम २१नुसार ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते.

४/ ही ठेव म्हणजे विक्री नव्हे. स्वतःचा परवाना मिळाल्यास वारस बंदूक परत नेऊ शकतो, अथवा कायद्याने पात्र असलेल्या ग्राहकास विकू शकतो. विहित मुदतीत यांपैकी काहीच न घडल्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती सरकारजमा होते.

५/ कलम ४५ची सवलत आहे ती दुरुस्तीनेही न चालणाऱ्या जुन्या शस्त्रांना. परिणामी, तेलपाणी करून जपलेली आजोबांची बंदूक घर सोडते. गंजून कायमची निकामी झालेली मात्र भिंतीवर राहू शकते. वस्तू जपणाऱ्या घरालाच तिला मुकावे लागते.