पगार किती?

२०१५ साली आमच्या धाकट्या बहिणीसाठी स्थळ आले, तेव्हा आम्ही पहिला प्रश्न विचारला, "मुलाचा पगार किती?" मुलगा कुवेतमध्ये एसी मेकॅनिक, पगार तीनशे दिनार. नमाजी आहे, व्यसन नाही, ही चौकशी नंतर झाली. आकडा ऐकूनच अम्मीने "अल्हम्दुलिल्लाह" म्हटले आणि आत चहा टाकायला सांगितले.

खेड-दापोलीकडच्या आमच्या मोहल्ल्यांना हे नवीन नाही. घरटी एक तरी माणूस आखातात असतो. त्या वेळी बायको-मुलांना कुवेतला नेण्यासाठी महिना अडीचशे दिनार पगाराची अट होती. आमचे जावई पन्नास दिनारांनी वर होते. "वर्षभरात घेऊन जातो," असा शब्द त्यांनी निकाहच्या वेळी दिला. पासपोर्ट, निकाहनाम्याचे भाषांतर, त्यावरचे शिक्के यांतच वर्ष निघून गेले आणि २०१६ मध्ये अट साडेचारशेवर गेली.

जावयांनी कंपनी बदलली, रात्रपाळ्या केल्या. पण मोजला जातो तो परवान्यावर लिहिलेला पगार. २०१९ मध्ये त्यावर चारशे साठ आकडा आला, आणि त्याच वर्षी अट पाचशे झाली! काही पेशांना सूट होती. इमामसाहेबांना होती, परिचारिकांना होती. एसी दुरुस्त करणाऱ्याला नव्हती. २०२२ मध्ये कुटुंबाचे व्हिसे देणेच थांबले. जानेवारी २०२४ मध्ये ते सुरू झाले ते आठशे दिनार आणि पदवी या अटींवर. आठशे दिनार म्हणजे आपले दोन लाखांहून अधिक रुपये. जावयांकडे आयटीआयचे प्रमाणपत्र. जुलैमध्ये पदवीची अट काढली, आठशेची राहिली.

दुबईत २०१९ मध्ये चार हजार दिरहमांची, किंवा तीन हजार आणि राहण्याच्या जागेची अट ठरली. चार हजार दिरहम म्हणजे सुमारे ३३५ दिनार. म्हणजे आमचे जावई तिथे असते, तर याच पगारात बहीण कधीच त्यांच्याजवळ गेली असती.

परक्या मुलकाने आपल्या शाळा-दवाखान्यांचा हिशेब पाहावा, हे आम्हाला समजते. बायकोचा नान-नफका नवऱ्यावर आहे, हे तर आपली शरीअतच सांगते. पण आमची बहीण काही ऐशआराम मागत नव्हती. दोन खोल्यांत राहून ती तिथे चूल पेटवायला तयार होती. नवरा दोन वर्षांतून पंचेचाळीस दिवस घरी येतो. तेवढ्यात छप्पर शाकारायचे, नातेवाइकांकडे जायचे आणि लेकीशी ओळख करून घ्यायची.

ती लेक आमच्याच उर्दू शाळेत शिकते. २०२४ च्या फेब्रुवारीत भेटीचे व्हिसे सुरू झाले. आईवडील आणि बायको-मुलांसाठी चारशे दिनारांची अट, मुदत एक महिना, आणि भेटीचा व्हिसा निवासी व्हिशात बदलून मागणार नाही असे लेखी द्यायचे. मे महिन्याच्या सुट्टीत दोघी गेल्या. परत आल्यावर पहिले काही दिवस भाची गप्प होती. शाळा सुरू झाली, आम्ही वर्गात तीन अंकी संख्या शिकवत होतो. फळ्यावर लहान-मोठेपणाच्या खुणा काढल्या होत्या. तिने हात वर केला.

"मामू, चारशे साठ कमी असतात का?"

शाळेत तिने आम्हाला 'सर' म्हणायचे, असे ठरले होते. त्या दिवशी आम्ही तिला टोकले नाही. "बेटा, ते कशाच्या समोर ठेवले, त्यावर असते," एवढेच बोललो.

तिच्या प्रश्नाने आम्हालाच शरमिंदे केले. कुवेतच्या कचेरीने माणसाला आकड्याने मोजले म्हणून आम्ही घरी बसून बोल लावतो. बहिणीच्या बैठकीत आम्ही दुसरे काय केले होते? तीनशे पुरेसे वाटले, म्हणून ती सोबत राहील की नाही, हे खोलात जाऊन विचारलेच नाही. बहिणीलाही कोणी विचारले नाही.

परवा शेजारचे चाचा त्यांच्या मुलीसाठी आलेले स्थळ घेऊन आले. मुलगा आखातातच. "सर, पगार चांगला आहे," ते म्हणाले. आम्ही म्हटले, "चाचा, मुलीला सोबत नेता येईल का, ते आधी विचारा. आणि नेता आले नाही तर तिला चालेल का, तेही तिलाच विचारा."

चाचा थोडे नाराज होऊन गेले. आत बहीण भाकरी थापत होती. तिने ऐकले असावे. काही बोलली मात्र नाही.