तोक्योची हिरवी चटई

मराठीचा अध्यापक आणि गोल्फ यांचा संबंध असून असून किती असणार? पुण्यात वीस वर्षे राहून माझा या खेळाशी आलेला संबंध एवढाच, की येरवड्याच्या गोल्फ क्लब रस्त्याने रिक्षातून जाताना कुंपणाआडची हिरवळ पाहायची आणि पाणीटंचाईवर मनातल्या मनात एक जळजळीत अग्रलेख लिहायचा. असा मी गेल्या मे महिन्यात तोक्यो शहरी, रात्री नऊ वाजता, हातात लोखंडी काठी घेऊन नायलॉनच्या हिरव्या चटईवर वाकून उभा होतो आणि माझा धाकटा भाऊ मागून सांगत होता, "दादा, विटीदांडू नव्हे हा! गुडघे जरा वाकव, आणि काठी अशी आवळू नकोस."

शिरीष दहा वर्षांपासून तिकडे आहे. निशी-कासाई या भागात राहतो. तोक्योच्या पूर्वेला, आराकावा नदी ओलांडली की हे ठाणे लागते. आगगाडी इथे भुयारातून वर येऊन खांबांवरून धावते. संगणकाच्या कामासाठी आलेली हिंदी कुटुंबे या भागात इतकी आहेत, की पहिल्याच संध्याकाळी स्टेशनाबाहेर "अगं, दूध संपलंय, घ्यायचं का?" हे शुद्ध मराठी वाक्य कानी पडून मी चपापलो. याच एदोगावा विभागाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. तूरडाळ मिळते, कढीपत्ता मिळतो. मिळत नाही ती जागा. शिरीषच्या घरात मी सकाळी हात वर करून आळस दिला, तर बोटे दिव्याला लागली.

या जागेच्या टंचाईतूनच ती चटई जन्माला आली आहे. गोल्फ हा मुळात ऐसपैस जमीन असणाऱ्यांचा खेळ. जपानात तो आणला कोबे येथील आर्थर ग्रूम नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने. १९०१ साली त्याने रोक्को डोंगरावर चार खळग्यांचे मैदान तयार केले आणि १९०३ साली तिथे जपानातला पहिला गोल्फ क्लब निघाला. पुढे पन्नासएक वर्षे हा खेळ बड्यांचाच राहिला. मग १९५७ साली तोक्योजवळच्या कासुमिगासेकी मैदानावर कॅनडा कप सामने झाले. त्यात तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो या जोडीने साऱ्या जगाला हरवले आणि अवघा देश या खेळाच्या नादी लागला. पण लागून करतो काय? मैदाने लांब डोंगरात आणि खर्च पगारदाराच्या आवाक्याबाहेर. तेव्हा शहरातच उंच जाळ्या उभारल्या, त्यांच्या एका टोकाला मजल्यावर मजले चढवले, प्रत्येक मजल्यावर नाटकगृहातल्या खुर्च्यांसारख्या ओळीने चटया मांडल्या, की झाले! चेंडू मारायचा, तो आणायला जायचे नाही. या जागेला तिकडे 'उचिप्पानाशी' म्हणतात. शब्दांचा धंदा करणारा माणूस मी, अर्थ विचारल्याशिवाय कसा राहणार? शिरीष म्हणाला, "मारायचं आणि तसंच सोडून द्यायचं." इतका समर्पक शब्द मला आमच्या शिक्षणपद्धतीसाठीही सुचला नव्हता.

ती जागा रात्री पाहावी. सर्कशीच्या तंबूपेक्षा कितीतरी उंच हिरवी जाळी, आत दिवसासारखा उजेड आणि तीन मजल्यांवरून एकाच वेळी सुटणारे शेकडो पांढरे चेंडू. दूरवर पडलेल्या चेंडूंचा तर सडा दिसतो, जणू पारिजातकाखाली कोणी तो झाडायचे विसरले आहे. पांढरे सदरे घातलेले, गळपट्टा खिशात कोंबलेले कारकून कचेरीतून थेट येतात. कोणी कोणाशी बोलत नाही. नुसते टक्, टक्, टक्. एक चेंडू मारला, की जमिनीतून रबराची नळी दुसरा घेऊन वर येते. शिरीष दर मंगळवारी इथे येतो. "खऱ्या मैदानावर कितीदा गेलास?" मी विचारले. "दोनदा," तो म्हणाला, "आणि दोन्ही वेळा फजिती झाली."

त्या वेळी मला त्याचे नवल वाटले. कारण माझी काही फजिती होत नव्हती. दहा-बारा चेंडू वाया गेल्यावर तेरावा असा उडाला, की शंभर यार्डांची पाटी ओलांडून गेला. मग आणखी एक. मी डावखुरा. लहानपणी लिहिताना डाव्या हातावर छड्या खाल्ल्या, तरी लिहितो अजून डाव्याच हाताने. पण शिरीषच्या काठ्या उजव्यांच्या, म्हणून उजव्यासारखा उभा राहून मारत होतो. आणि तरीही चेंडू उडत होता! त्या रात्री मी शंभर चेंडू मारले आणि अंगी सुप्त गुण असल्याच्या समजुतीत झोपलो.

तो समज दुसऱ्या मंगळवारी एका म्हाताऱ्याने मोडला. या ठिकाणी सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर पुढच्याची पाठ येते. माझ्या पुढे शिरीष होता आणि माझ्या मागे हे आजोबा. सत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळे. आठ-दहा फटके त्यांनी पाहून घेतले असावेत. मग लवून नमस्कार करून ते माझ्या चटईपाशी आले, खांद्यावरचा छोटा टॉवेल काढून त्याची घडी केली आणि चेंडूच्या मागे चार बोटांवर ठेवली. मी मारले. चेंडू गेला, पण टॉवेलही फरफटत गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही! आजोबा हसले आणि म्हणाले, "दामे."

'दामे' म्हणजे चूक. मग शिरीषच्या मध्यस्थीने त्यांनी जे समजावले ते असे. लोखंडी काठीचा फटका चेंडूला आधी बसला पाहिजे आणि मातीला नंतर. मैदानावर काठी चेंडूच्या मागे जमिनीत घुसली, तर ढेकूळ उडते आणि चेंडू दोन हातांवर जाऊन बसतो. चूक साऱ्या जगाला दिसते. चटईखाली मात्र काँक्रीट असते. काठी आत घुसू शकत नाही. ती आपटते, उसळते, घसरत पुढे जाते आणि चेंडूला गाठते. चेंडू छान उडतो, मारणारा खूश होतो. पण काँक्रीटवर आपटल्याचा तो दणका जातो कुठे? जमीन तर तो घेत नाही. तो दांड्यातून वर येतो, मनगटात आणि तिथून कोपरात. आजोबांनी स्वतःचे मनगट धरून तोंड वेडेवाकडे करून दाखवले. त्याला भाषांतर लागले नाही.

त्यांचे उपाय साधे होते. चेंडू बोटभर उंच रबरावर ठेवावा, म्हणजे काठी चटईला न लागता त्याला उचलून नेते. मूठ सैल, कुदळ धरल्यासारखी नव्हे. अर्धाच फेरा घ्यावा. चटईचा झिजून टणक झालेला भाग टाळावा. पन्नास चेंडू पुरेत, आणि दर दहांनंतर बसून पाणी प्यावे. "युक्कुरी, युक्कुरी," असे म्हणत, म्हणजे सावकाश, सावकाश, ते आपल्या जागी परतले. टॉवेल त्यांनी माझ्याकडेच ठेवला.

वाचकहो, मी त्यांचे ऐकले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण शिरीष वर जाळीकडे पाहत सहज बोलला, "दादा, २०१९ च्या सप्टेंबरमधल्या वादळात चिबा प्रांतात असली अख्खी जाळी खांबांसकट शेजारच्या घरांवर कोसळली होती."

"हो का?" मी म्हणालो, "आणि त्याच्या आधीच्या महिन्यात आपल्याकडे पूर आला होता."

त्याची पाठ माझ्याकडे होती. ती क्षणभर ताठ झाली. मग त्याने पुढचा चेंडू मारला. सांगलीत गावभागातल्या आमच्या घरात त्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई शिरली, तेव्हा आई एकटी होती. दोन दिवस माळ्यावर बसून राहिली. शिरीष आला नाही. २०२१ साली आई गेली, तेव्हा साथीमुळे त्याला येता आले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण पुराबद्दल होती. निदान आपल्याला ती आहे, अशी माझी समजूत होती. आणि माझ्या बॅगेत त्या घराच्या विक्रीसाठीचे मुखत्यारपत्र होते. त्यावर त्याची सही घ्यायला मी आलो होतो आणि दहा दिवस ते बाहेर काढले नव्हते.

टॉवेल मी पायाने बाजूला सारला. रबर खाली दाबून चेंडू सरळ चटईवर ठेवला आणि मोजून वीस फटके, लाकूड फोडावे तसे मारले. विसाव्याला डाव्या तळव्यात, करंगळीच्या बाजूला, विजेसारखी कळ गेली.

रात्री पेला धरवेना, सकाळी पेन धरवेना. घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाट पाहत होते आणि मी डाव्या हाताने 'श्री' काढू शकत नव्हतो. पोटात गोळा आला. डॉक्टरांनी तळव्याच्या मुळाशी, करंगळीखाली, नेमक्या जागी दाबले आणि मी कळवळलो. तिथे आकडीसारखे एक बारीक हाड असते. काठीच्या दांड्याचे टोक नेमके त्याच्यावर टेकते आणि असल्या दणक्यांनी ते मोडू शकते. मोडले तरी साध्या छायाचित्रात दिसेलच असे नाही. म्हणून हात वेगळ्या कोनात वळवून पुन्हा छायाचित्र काढले. निकालासाठी आम्ही दोघे बाकावर बसलो.

"माझ्यामुळे झालं," शिरीष म्हणाला. "आणि पुरात मी यायला हवं होतं. तू तरी होतास म्हणून..."

"मी नव्हतो," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले.

"कराडपर्यंत पोचलो. पुढचा रस्ता बंद होता. तिथून परत फिरलो. आईला शेजारच्या मुलांनी नावेतून काढलं. मी पोचलो पाचव्या दिवशी, पाणी उतरल्यावर. फोनवर तू म्हणालास, दादा आहे म्हणून काळजी नाही. मी काही बोललो नाही. नंतरही नाही."

शिरीष बराच वेळ गप्प होता. मग परिचारिकेने माझे नाव इतके चमत्कारिक उच्चारले, की दोघांनाही एकदम हसू फुटले. हाड शाबूत होते. मनगटाला पट्टी, तीन आठवडे ना काठी ना पेन.

कुदान भागातल्या आपल्या वकिलातीत जाऊन त्याने मुखत्यारपत्रावर सही केली. वकिलातीजवळच राजवाड्याचा जुना खंदक आहे. चेरी कधीच झडून गेली होती. पाण्यावर नुसती पोपटी पालवी वाकली होती. "विकायचं की ठेवायचं ते तू ठरव," तो म्हणाला. "पण ठेवलंस तर माळ्याची शिडी बदलून घे." मी अजून काही ठरवलेले नाही. शिडी मात्र बदलली आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही पुन्हा चटईवर गेलो. २०२१ साली मात्सुयामाने अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या कॅडीने रिकाम्या मैदानाला लवून नमस्कार केला होता. त्याचे छायाचित्र तिथे खाली लावले होते. त्याच वर्षी कासुमिगासेकीच्या मैदानावर आपल्या अदिती अशोकचे ऑलिंपिक पदक एका फटक्याने हुकले. तिचे छायाचित्र नव्हते, म्हणून मी शिरीषला ते ऐकवले. आजोबा त्या दिवशी आले नव्हते. त्यांचा टॉवेल वहिनीने धुऊन, इस्त्री करून दिला होता. तो मी उजव्या हाताने चेंडूमागे चार बोटांवर ठेवला आणि मागे स्टुलावर बसलो.

शिरीषने मारले. चेंडू दिव्यांच्या वर गेला आणि पार पलीकडच्या जाळीत अडकला.

"कसा होता?" तो न वळताच म्हणाला.

"टॉवेल हलला," मी म्हणालो.

त्याने वाकून टॉवेल जागेवर ठेवला. जमिनीतून दुसरा चेंडू वर आला.