शुश्रूषेच्या शोधात

अकोला-पूर्णा लोहमार्गावरील बार्शीटाकळीस बाहेरचा प्रवासी उतरला, तर बहुधा कालंकादेवीच्या पुरातन देवळासाठीच. तेथील शिलालेखात शके १०९८ हे वर्ष व हेमाद्रिदेव राजाचे नाव आढळते. परंतु गेल्या माघात आम्ही या गावाहून प्रवासास निघालो, तो देवदर्शनार्थ नव्हे. वडील भगिनीसाठी आश्रयस्थान पाहावयाचे होते. हे वाक्य लिहितानाही लेखणी अडखळते.

आमची आई लवकर गेली. अक्कांनीच आम्हांस वाढविले. आज त्यांचे वय ब्याऐंशी. गतवर्षी न्हाणीघरात पाय घसरून मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तरी रात्री उठताना दोघांचा आधार लागू लागला. घरात आम्ही उभयता, साठी उलटलेली, मुले पुण्यास. एके रात्री अक्कांना सावरताना आमचे कुटुंबही पडले, तेव्हा हा विषय प्रथम उच्चारला गेला.

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न आम्हांसही पडलाच. परंतु निराधारांसाठी अशी गृहे आपल्याकडे नवी नव्हेत. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ साली निघालेली संस्था आज ‘निवारा’ या नावाने चालते. १९९५ साली महाराष्ट्र शासनाने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. २००७ च्या कायद्याने आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर ठेवली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रम स्थापण्याची तरतूदही केली. तेव्हा लाज सोयीची नव्हे, हयगयीची बाळगावी, असे मनाशी ठरविले.

पहिले स्थळ अकोल्याच्या बाजूस पाहिले. गुळगुळीत फरशी, फुलबाग, लहानसे देऊळ. मन प्रसन्न झाले. व्यवस्थापकांनी विचारले, “आजी स्वतः चालतात ना?” आम्ही खरे ते सांगताच त्यांनी हात जोडले. बहुतेक वृद्धाश्रम स्वावलंबी वृद्धांसाठी असतात. अंथरुणास खिळलेल्यांस शुश्रूषागृहच पाहावे लागते, हा भेद आम्हांस तेव्हा कळला.

घरी येऊन हकीकत सांगितली. अक्का शांतपणे म्हणाल्या, “अरे, सोयरीक जुळविताना मुलीसही विचारतात. मला कोणी विचारलेस का?” आम्ही निरुत्तर झालो.

फाल्गुनात मोटार करून त्यांनाच बरोबर घेतले व अमरावतीकडील एका शुश्रूषागृहात दिवेलागणीच्या सुमारास, न कळविता पोहोचलो. वास्तू साधी, पण न्हाणीघरात खरखरीत फरशी व भिंतीस धरावयास दांड्या होत्या. रात्री जागे कोण असते, वैद्यास कोण बोलावते, निजून असलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलतात काय, अनामत रक्कम परत मिळण्याचे लेखी देतात काय, हे सर्व आम्ही विचारले. निजून असलेल्या एका वृद्धेची चादर कोरडी व नखे कापलेली पाहिली. कोणत्याही उत्तरापेक्षा त्याने आमचे अधिक समाधान केले.

एवढ्यात तेथील एक तरुण परिचारिका आम्हांस वगळून अक्कांच्या खुर्चीपाशी बसली. “रात्री किती वेळा उठता? चहा केव्हा लागतो?” अक्का म्हणाल्या, “चहात साखर नको. आणि मला आजी म्हणू नका, अक्का म्हणा.” परतताना मोटारीत त्याच बोलल्या, “महिनाभर राहून पाहीन. नाही रुचले तर न्यायला यायचे.” आम्ही वचन दिले.

चाळीस वर्षे आम्ही मुलांना शिकविले की, ‘शुश्रूषा’ शब्द ‘श्रु’ धातूपासून झाला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, सेवा हा अर्थ मागाहूनचा. शिकविले, परंतु घरी आचरिले नाही. अक्कांच्या वाटचा निर्णय त्यांना न विचारताच घ्यावयास आम्ही निघालो होतो. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांस एवढेच सुचवितो की, इमारत पाहण्यापूर्वी ज्यांना तेथे राहावयाचे, त्यांचे ऐकावे. आणि तेथील माणसे त्यांचे ऐकतात काय, हे पाहावे.

गुढीपाडव्यानंतर अक्का तेथे गेल्या. महिना लोटला, दुसराही सरला. अजून न्यावयाचा निरोप नाही. दर पंधरवड्यास आम्ही जाऊन येतो. घरी मात्र रात्री दोन वाजता अजूनही जाग येते, आणि पाय त्यांच्या रिकाम्या खाटेकडे वळतात.