कोश उघडा ठेवून परीक्षा

जपानी भाषेची सर्वांत वरची सार्वत्रिक परीक्षा म्हणजे जेएलपीटीची एन-वन. तिच्यात उमेदवाराला तोंड उघडावं लागत नाही, स्वतःचं एक वाक्यही लिहावं लागत नाही. वाचायचं, ऐकायचं आणि दिलेल्या पर्यायांपैकी एकाचा गोल काळा करायचा. १८० पैकी १०० गुण आणि तिन्ही विभागांत किमान १९, की झालं. पुण्या-मुंबईच्या कंपन्या हे प्रमाणपत्र पाहून दुभाषे आणि अभियंते घेतात. त्यांच्या कामापुरता हा निकष वाईट नाही. पंचाईत होते ती तेच प्रमाणपत्र घेऊन कुणी जपानी इतिहासात पीएच.डी. करायला निघतो तेव्हा.

कारण त्याच्या टेबलावर येणार असतं ते एदो काळातलं, लाकडी ठोकळ्यांवरून छापलेलं पुस्तक. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, एकाच उच्चाराला वेगवेगळी चिन्हं. जपानने १९०० साली शाळांसाठी प्रत्येक उच्चाराला एकेकच काना-चिन्ह पक्कं केलं. त्याआधीचं वळण आज बहुतेक जपानी माणसांनाही लागत नाही. पेशवे दप्तरातला मोडी कागद हातात आल्यावर मराठीच्या पदवीधराची जी गत होते, तीच ही. कोरियन शिकणाऱ्याची तऱ्हा आणखी न्यारी. टोपिक परीक्षेची सर्वोच्च सहावी पातळी गाठली, तरी जोसन राजवटीची इतिवृत्तं त्याला वाचता येतीलच असं नाही. हंगुल लिपी १४४६ मध्ये जाहीर झाली खरी, पण दरबारी नोंदी त्यानंतरही शतकानुशतकं अभिजात चिनीतच होत राहिल्या.

म्हणजे पदव्युत्तर विभागाला जे मोजायचं आहे, ते या परीक्षा मोजतच नाहीत. त्यात त्यांची काही चूक नाही. त्या त्यासाठी काढलेल्याच नव्हत्या. विभागांनी आपलं काम त्यांच्यावर ढकललं.

बोलण्याची चाचणी तरी नीट बांधलेली आहे. अमेरिकेत रूढ असलेली, एसीटीएफएल या भाषाशिक्षकांच्या संस्थेची तोंडी मुलाखत वीस ते तीस मिनिटांची असते. परीक्षक आधी हवापाण्याच्या गप्पा मारतो, मग उमेदवाराला पायरी-पायरीने वर चढवतो. रोजच्या सवयी झाल्या की घडलेला एखादा प्रसंग, प्रसंगानंतर एखाद्या सरकारी धोरणाच्या बाजूने युक्तिवाद. कुठेतरी वाक्यं तुटायला लागतात. जपानीत आदरार्थी रूपं उलटी पडतात: स्वतःच्या कृतीला मान आणि समोरच्या वडीलधाऱ्याला नम्र रूप! ती जागा सापडली की परीक्षकाला हवं ते मिळालं. मात्र रीत अशी, की उमेदवाराला तिथेच लटकत सोडायचं नाही. त्याला जमेल अशा विषयावर परत आणून मगच मुलाखत संपवायची. लेखी पेपरात ही माणुसकी कुठून आणणार?

वाचनाचं मोजमाप याहून अवघड. ‘खालील उताऱ्याचं भाषांतर करा’ हा जुना हमखास प्रश्न. आधुनिक चिनी-जपानी गद्याचं बऱ्यापैकी भाषांतर आता यंत्रच करून देतं, त्यामुळे तो घरी सोडवायला देण्यात अर्थ उरलेला नाही. पण यंत्र नव्हतं तेव्हाही गुळगुळीत भाषांतराआड बरंच काही दडवता येत असे. जपानी वाक्यात कर्ता पुष्कळदा गाळलेला असतो. विद्यार्थी अंदाजाने एक कर्ता बसवतो आणि वाक्य छान वाचलं जातं. अंदाज बरोबर निघाला तर पैकीच्या पैकी गुण, आणि तो अंदाज होता हे तपासणाऱ्याला कधी कळतच नाही.

अभिजात चिनीच्या शिक्षकांकडे यावर जुना उपाय आहे. विरामचिन्हांविना उतारा द्यायचा आणि वाक्यं तोडायला सांगायचं. तैवानमधल्या चिनी विभागांत संशोधक विद्यार्थ्यांकडून अख्खे ग्रंथ असे तोडून घेण्याची परंपरा होती. कन्फ्यूशियसच्या ‘लुन-यू’च्या आठव्या अध्यायात दहा अक्षरांचं एक प्रसिद्ध वचन आहे. पाच-पाच अक्षरांवर थांबलं, तर अर्थ निघतो की प्रजेला मार्गावर चालवता येतं, पण तो मार्ग तिला समजावता येत नाही. थांबे बदलले, तर प्रजा सक्षम असेल तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावं, नसेल तर शिकवावं. एकदा हुकूमशहा बोलतो, एकदा लोकशिक्षक. चिनी सुधारकांना दुसरा अर्थ भावला, यात नवल नाही.

आता विद्यार्थी कुठे थांबला याला फारसे गुण नाहीत. तिथेच का थांबला, हे त्याला सांगता यावं: व्याकरणाचा आधार कोणता, त्याच ग्रंथात अशी रचना आणखी कुठे आहे, जुने टीकाकार काय म्हणतात. अशा परीक्षेत कोश उघडा असला तरी काही बिघडत नाही. उलट कोणता कोश आधी उघडला, यावरूनही तयारी कळते.

पुण्याला हे काम परकं नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणाऱ्या पु. वि. बापटांनी ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्ध ग्रंथांचा तौलनिक अभ्यास १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध केला. त्यातला ‘विमुत्तिमग्ग’ संपूर्ण असा हाती आहे तो सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरातच. पुढे अकिरा हिराकावा या जपानी विद्वानाबरोबर त्यांनी ‘समंतपासादिका’ या विनयावरच्या (भिक्षूंच्या आचारनियमांवरच्या) पाली टीकेच्या चिनी रूपाचं इंग्रजी भाषांतर केलं. ते भांडारकर संस्थेने १९७० साली छापलं. बापटांचं चिनी कोणत्या पातळीचं होतं, या प्रश्नाला इथे अर्थच नाही. चिनी ओळ चुकीची लागली, तर शेजारचा पाली मजकूर ती चूक दाखवून देणार.

तेव्हा आपल्याकडे एम.ए.चे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. प्रवेशासाठी एन-टूची किंवा तिच्या वरच्या एन-वनची अट खुशाल ठेवा. शेवटच्या सत्रात मात्र एक पेपर असा असू द्या: न पाहिलेला एक पानी उतारा, तीन तास, हवे ते कोश, विद्यार्थ्याच्या हाताने लिहिलेल्या टिपा आणि त्या टिपांवर अर्ध्या तासाची तोंडी परीक्षा. वीस जणांच्या वर्गाला परीक्षकांचे दोन दिवस लागतील, इतकाच काय तो जादा खर्च.